आमची लेकरं ढ नाहीत



तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपल्यावर आम्ही जबरानजोतीच्या दाव्यांचे कागद गोळा करत गावोगाव फिरलो. एका गावात एक सयाना बाबा भेटला. त्यानं पेटीतून पन्नीत गुंडाळलेला कागद काढला अन् म्हणाला, "हे पाय, माह्या जमिनीची पावती. सायबानं देल्ली होती." कवेलू फुटून घर गळलं त्या साली घरातलं धान भिजलं, पण ही पन्नी बाबानं भिजू दिली नव्हती. आम्ही कागद उलगडून वाचला. ती पावती नव्हतीच. ते बाबाचं बयान होतं. या जागेवर माझा हक्क नाही, मी अतिक्रमण केलं आहे, यंदाचं पीक निघालं की जागा सोडून देईन. खाली बाबाचा अंगठा. वाचून दाखवलं तर बाबा बराच वेळ काही बोललाच नाही.

(त्यातल्या त्यात एक बरं. कागदावरची तारीख 1978 च्या आधीची आहे. 31 मार्च 1978 च्या आधीपासून जोत होती, याचा पुरावा आपल्याला मागायचे. तो पुरावा त्यांनीच लिहून ठेवला! म्हणून असा कागद कोणाजवळ असेल तर रागानं फाडू नका. आम्हाला आणून दाखवा.)

बाबाचा नातू बाजूलाच बसला होता. यंदा चौथी पास झालेला. आम्ही कागद त्याच्या हातात दिला. त्यानं बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, "अ-ति-क्र-म-ण". वाचलं बरोबर. याचा अर्थ काय रे, म्हटलं तर खाली मान घालून अंगठ्यानं माती उकरायला लागला. बाबा कधी शाळेत गेला नाही. नातू चार वर्षं शाळेत गेला. कागद मात्र दोघांसाठीही मुकाच राहिला.

म्हणून या अंकात जमिनीची बातमी मागच्या पानावर आहे अन् शाळेचं पुढं घेतलं आहे. मागच्या बैठकीत एक काका म्हणालेच होते, "आधी जमीन मिळू द्या बापा, शाळेचं मंग पाहू." काकांचा मान ठेवून सांगतो, हे दोन वेगळे कामं नाहीत. जमीन आपल्या हातून बंदुकीनं कमी गेली, कागदानं जास्त गेली. उद्या दावा मंजूर झाला तरी सातबारा येणार कागदावरच. बावनथडीच्या धरणाच्या नोटिसाही कागदावरच आल्या. तेंदूपत्त्याच्या फळीवर 70 पानांचा पुडा असतो. मुन्शी किती पुडे मोजतो, किती खराब म्हणून बाजूला काढतो अन् कार्डावर किती लिहितो, हे पाहणारं एक पोरगं घरात असलं तर हंगामाच्या शेवटी काय फरक पडतो, ते बायांना विचारा.

आता शाळेत काय होतं ते. आमच्यातल्या एकानं स्वतः भोगलेली गोष्ट आहे. गाव सांगत नाही, मास्तरचं नाव सांगत नाही. मास्तर काही राक्षस नव्हता, त्यालाही कोणी काही शिकवून पाठवलं नव्हतं. पहिलीचा वर्ग. मास्तरनं भिंतीवरच्या चित्राला छडी लावून विचारलं, हे काय आहे? पोरानं मोठ्या आवाजात, आनंदानं उत्तर दिलं, "मरा!" गोंडीत झाडाला मरा म्हणतात, ते तुम्हाला सांगायला नको. मास्तरला वाटलं, पोरगं आपल्याला मरा म्हणते. दोन छड्या बसल्या. बाकीची पोरं हसली. त्या दिवसापासून तो पोरगा दिवाळीपर्यंत शाळेत एक शब्द बोलला नाही. हजेरीलाही नुसता हात वर करायचा. त्याच्या मायला बोलावून सांगण्यात आलं, तुझं पोरगं मुकं दिसते, थोडं मतिमंद पण असेल, दवाखान्यात दाखव. माय म्हणाली, "मुका कायले राहील गुर्जी? घरी तं झोपेत बी बडबडते."

उत्तर बरोबर होतं. झाडाचंच चित्र होतं अन् पोरानं झाडच म्हटलं होतं. पाण्याला येर, घराला रोन, झाडाला मरा, एवढं सहा वर्षांचं ज्ञान घेऊन तो शाळेत आला होता. पाखरू कोणतं, कोणत्या झाडाचा डिंक निघतो, बांधीतलं पाणी कुठून फुटते, हे सगळं त्याला येत होतं. शाळेच्या दारात ते सगळं शून्य झालं. मास्तरला तर त्यातलं येरसुद्धा माहीत नव्हतं, पण ढ ठरला पोरगा.

ही गोष्ट आपल्याच जंगलात होते असं आम्हाला वाटत होतं. गेल्या हिवाळ्यात आम्ही एका शिबिराला गेलो होतो, तिथं काळ्या लोकांच्या शाळांची माहिती ऐकली. ती इथं सांगतो, कारण ऐकताना आम्हाला वाटलं की कोणी आपल्याच गावचं सांगून राहिला आहे.

अमेरिकेच्या खाली समुद्रात जमैका, त्रिनिदाद, ग्रेनाडा अशी बेटं आहेत. त्यांना कॅरिबियन म्हणतात. उसाच्या शेतीसाठी आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांची लेकरं-नातवंडं तिथं राहतात. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला माणसं कमी पडली. बस चालवायला, रेल्वेत, दवाखान्यात. तेव्हा या बेटांवरून हजारो लोक लंडनला गेले. त्यांच्या पोरांना तिथल्या शाळांनी काय केलं? तपासणीचे पेपर दिले, अन् त्यात कमी मार्क पडले म्हणून हुशार पोरंसुद्धा मंदबुद्धीच्या वेगळ्या शाळांत टाकली. गोऱ्या पोरांच्या मानानं या पोरांचं प्रमाण तिथं फारच जास्त होतं. पेपरातले शब्द त्यांच्या घरात कधी वापरलेले नसायचे. ती घरी जी इंग्रजी बोलत, तिच्यात आफ्रिकेचे अन् बेटांचे शब्द मिसळलेले होते. मास्तर म्हणायचे, ही बिघडलेली इंग्रजी आहे. आपल्या झाडीबोलीला अशुद्ध म्हणतात तसंच.

त्या शाळांत बर्नार्ड कोर्ड नावाचा ग्रेनाडाचाच एक मास्तर होता. त्यानं 1971 साली एक लहान पुस्तिका लिहिली. पोरं मंद नाहीत, शाळा त्यांना मंद बनवते, हे त्यानं मायबापांना समजेल अशा भाषेत मांडलं. पुस्तिका छापली त्यांच्याच लोकांच्या एका छोट्या प्रकाशनानं. माय-बापांनी ती वाचली, न येणाऱ्यांना वाचून दाखवली, अन् शाळांत जाऊन विचारायला लागले, माझ्या पोराला कोणत्या शाळेत घातलं अन् कोणाला विचारून घातलं? दुसरीकडे त्यांनी शनिवारच्या शाळा वाढवल्या. कोणाच्या बैठकीच्या खोलीत, कोणाच्या चर्चच्या हॉलमध्ये. आठवडाभर बसवर ड्युटी करून थकलेली माणसं शनिवारी पोरांना वाचन-गणित शिकवायची, आपल्या बेटांचा अन् आफ्रिकेचा इतिहास सांगायची. पुढं 1981 च्या कायद्यानं मंदबुद्धीचा तो शिक्काच रद्द झाला. त्यानं सगळं चांगलं झालं असं नाही. पण शिक्का गेला.

दुसरी गोष्ट अमेरिकेची, अन् ती आम्हाला जास्त लागली. साऊथ कॅरोलायना राज्यात क्लॅरेंडन म्हणून एक जिल्हा आहे. कापसाचा मुलूख. तिथं गोऱ्या पोरांना शाळेत न्यायला 30 बसगाड्या होत्या, काळ्या पोरांना एकही नाही. ती मैलोन्‌मैल पायी जायची. 1947 साली मायबापांनी फक्त एक बस मागितली. नाही मिळाली. तेव्हा 1949 मध्ये शंभरावर लोकांनी सह्या करून अर्ज केला, की आता बसच नाही, सगळंच बरोबरीचं द्या. अर्जावर हॅरी ब्रिग्ज म्हणून एकाचं नाव पहिलं होतं. तो पेट्रोल पंपावर कामाला होता, त्याला काढून टाकलं. त्याची बायको कामाला होती, तिलाही काढलं. कितीकांची कर्जं थांबली, कोणाला गाव सोडावं लागलं. पण अर्ज मागं घेतला नाही. त्यांची केस अन् दुसऱ्या चार ठिकाणच्या केसेस मिळून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 17 मे 1954 ला निकाल दिला की काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा आहेत. सुरुवात एका बसपासून झाली होती.

आपल्याकडे असं मागणारं कोणी नव्हतं असं नाही. जोतिबा फुल्यांनी 1882 मध्ये इंग्रजांच्या हंटर कमिशनपुढं लेखी सांगितलं होतं, की सरकारची तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामानं अन् खर्च होते वरच्या लोकांच्या पोरांच्या शिक्षणावर. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, अन् मास्तर शेतकऱ्यांतलेच नेमा, ज्यांना नांगराला हात लावायची लाज वाटत नाही. तेव्हापासून शंभरावर वर्षं झाली. आमच्या चिखल्याकडे पाहा. 1962 साली मॅंगनीज ओर इंडिया कंपनी झाली, त्याच्या आधीपासून इंग्रजांची कंपनी इथलं मॅंगनीज काढत होती. आपल्या डोंगराच्या मॅंगनीजशिवाय पोलाद पक्कं होत नाही. पूल, रेल्वे, कारखाने या मातीवर उभे आहेत. त्या मातीच्या पैशातून चार आणे तरी डोंगरापल्याडच्या टोल्यावरच्या शाळेत आले का, एवढाच आमचा साधा प्रश्न आहे. फुल्यांचाच आहे खरं तर.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. राज्यघटनेच्या 45 व्या कलमात लिहिलं होतं, की दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या पोरांना फुकट अन् सक्तीचं शिक्षण. दहा वर्षं 1960 लाच संपली. 350 अ हे कलम 1956 मध्ये घातलं. ज्यांची भाषा वेगळी आहे अशा लहान गटांच्या पोरांना प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकायची सोय राज्यानं करावी, असं ते सांगते. 1993 मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हा मूलभूत हक्क आहे. म्हणजे शाळा मागणं ही भीक नाही, जसा निस्तार ही भीक नाही. एक अडचण मात्र खरी. आपला तुमसर तालुका अनुसूचित क्षेत्रात येत नाही. गडचिरोलीच्या भावांना जे क्षेत्र म्हणून मिळते, ते आपल्याला प्रत्येक वेळी भांडून घ्यावं लागते.

सरकारनं काहीच दिलं नाही असंही आम्ही लिहिणार नाही. 1987 पासून खडू-फळा योजना आली. तिच्यात निदान दोन खोल्या, दोन मास्तर अन् शिकवायचं सामान असं ठरलं. सामान आलं. आम्ही एका शाळेत ते पाहिलं आहे. नकाशे, भिंग, ठोकळे, तबकडीचं घड्याळ, सगळं पेटीत, पेटीला कुलूप, चाबी मास्तरच्या घरी. का, तर पोरांनी मोडलं तर भरपाई मास्तरच्या पगारातून होईल असं त्याला वाटायचं. आठ वर्षांत त्या पेटीला फक्त वाळवी शिकली. 15 ऑगस्ट 1995 पासून पोरांमागं महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा, हजेरी शंभरात ऐंशी भरली तर. तांदूळ हक्काचा होता. पण तांदूळ आल्यापासून हजेरीपट अचानक भरला अन् वर्गात पोरं तेवढीच, असं कुठं असलं तर ते आपल्याला दिसायला पाहिजे होतं. तांदूळ खाऊन गप्प राहिलो तर पोट भरेल अन् पोरगं अडाणी राहील.

आश्रमशाळेबद्दल आमच्यातच दोन मतं आहेत. तिथं दोन वेळचं जेवण आहे, दहावीपर्यंत वाट आहे, आमच्यातलेही काही तिथूनच आले. पण सहा वर्षांच्या लेकराला मायपासून तोडून दूर ठेवणं आम्हाला पटत नाही. दिवाळीला घरी येते तेव्हा आजीशी गोंडीत बोलायला लाजते, नाहीतर रस्ता धरून पळून येते. पहिली ते चौथी गावातच झाली पाहिजे, टोल्यावरच झाली पाहिजे, असं आमचं म्हणणं. पुढचं पुढं.

आता आपलाही दोष. जुलैत रोवणा लागला की शाळा रिकामी. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन पोरगी घरी, अन् पोरगा ढोरांमागं. मोहफुलाच्या दिवसांत पहाटेपासून सगळं घर जंगलात. मास्तर म्हणतो पोरंच येत नाहीत, अन् त्या दिवसांपुरतं त्याचं खोटं नाही. पण यालाही उपाय निघालेला आहे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक अन् अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढं कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारल्यांची पोरं ढोरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. ढोरं चरतात, पोरं शिकतात. धाकट्या भावंडांसाठी अंगणातच बालवाडी काढली, म्हणजे मोठी पोरगी मोकळी झाली. अंगणवाडी हा शब्दच तिथला. म्हणजे मोहफुलाच्या महिन्यात सकाळच्या ऐवजी दुपारून शाळा भरवता येते. रोवण्यात आठ दिवस सुटी देऊन उन्हाळ्यात ते दिवस भरून काढता येतात. पुण्या-मुंबईच्या हिशेबानं ठरलेलं वेळापत्रक धानाच्या बांधीला लागू होत नाही, हे सांगायला पुस्तक वाचावं लागत नाही.

अन् नर्मदेकाठी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, धरणात बुडायला निघालेल्या भिल्ल-पावरा गावांनी 1990 नंतर स्वतःच्या जीवनशाळा काढल्या. चिमलखेडी, निमगव्हाण. मास्तर त्यांच्यातलेच, दहावी-बारावी झालेले, काही तर त्याहून कमी. सुरुवात पोरांच्या बोलीत, मग मराठी. ती गावं जमिनीसाठी लढत होती, पोलिसांच्या लाठ्या खात होती, अन् त्यातच शाळा चालवत होती. आमच्या काकांना हे उत्तर म्हणून द्यायचं होतं, बैठकीत सुचलं नाही.

गोंडीतून शिकवायचं म्हटलं की काही माया-बाप चिडतात, तेही लिहिलं पाहिजे. एक बाई म्हणाली, "गोंडी तं घरी येतेच. शाळेत कायले? माह्या पोराले बाबू बनवायचं हाये, जंगलात नाही ठेवायचं." तिचं बोलणं आम्ही हसण्यावारी नेत नाही. बाजारात, दवाखान्यात, कोर्टात मराठीच लागते, सीमेपल्याड बालाघाटकडे गेलं तर हिंदी. ती पक्की आलीच पाहिजे. आमचं म्हणणं इतकंच, की नदी ओलांडायची तर या काठावर पाय टेकवूनच पहिली उडी मारता येते. पहिली दोन वर्षं मास्तरला गोंडी समजली पाहिजे, पोरानं मरा म्हटलं तर त्यानं "हो, मरा, मराठीत झाड" असं म्हटलं पाहिजे. एवढ्या एका वाक्यासाठी छड्या वाचतात. बाईला हे पटलं की नाही, माहीत नाही. "पाहू," म्हणाली.

आम्ही चिखल्यात काय करतो आहोत ते सांगून थांबतो. दर रविवारी दुपारी पोरं एकाच्या पडवीत बसतात. शिकवणारे आम्ही तिघं-चौघं, बारावीच्या वर कोणी नाही. फळा म्हणजे काळा रंग मारलेलं जुनं दार. वाचायला आम्ही बालभारती पण घेतो अन् सातबारा, निस्तारपत्रक, तेंदूपत्त्याचं कार्ड पण घेतो. सयानी माणसं गोंडीत गोष्टी सांगतात, पोरं त्या मराठीत लिहायचा प्रयत्न करतात. चुका होतात, आमच्याही होतात. एका रविवारी पाऊस आला अन् कोणीच आलं नाही.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत आपल्या गावातून तीन गोष्टी लिहून घ्या अन् ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह मागा. एक, मास्तर किती दिवस आला, याची वही गाव ठेवील, मास्तरवर राग म्हणून नाही, हिशेब म्हणून. दुसरं, पहिली-दुसरीला गोंडी समजणारा मास्तर द्या, नाहीतर गावातलं बारावी झालेलं पोरगं-पोरगी मदतीला घ्या. तिसरं, ती पेटी उघडा. मोडलं तर गाव भरून देईल. ठराव लिहिणारा सेक्रेटरी "हे ग्रामसभेत बसत नाही" म्हणाला तर भांडू नका. कागदावर तसंच लिहून द्या म्हणा अन् तो कागद आमच्याकडे पाठवा.

सुरुवातीला सांगितलेला बाबा मागच्या रविवारी नातवाला घेऊन पडवीत आला होता. तोच कागद पन्नीतून काढला. नातवानं सगळा वाचला, अडखळत, पण पूर्ण. "अतिक्रमण म्हणजे दुसऱ्याची जागा घेणं," त्यानं आजाला गोंडीत सांगितलं. बाबानं विचारलं, "दुसऱ्याची म्हंजे कोनाची?" पोरानं आमच्याकडे पाहिलं. पुढच्या रविवारी त्यावरच बोलणार आहोत. येताना ज्यांच्याकडे जुने कागद असतील त्यांनी ते घेऊन या, अन् कंदिलात तेल घेऊन या, मागच्या वेळी अंधार पडला होता.